रिकाम्या बाजूचा पॅसिंजर

गजभिये काका नेहमी हरणाऱ्या बाजूले असतात. चुकून नाही, ठरवून. सगळं जग एकीकडे बसलं की हा माणूस उठते, दुसरीकडे जाते, एकटाच पाय पसरून बसते, अन् वरून आपल्यावरच डाफरते, "इकडे कोनी काहून नाई बे?"

मले याचा लय राग येते. तुम्हाले येत नसंल, कारण तुमचं चॅनल नाही. माझं आहे.

मी निलेश. शाळा उमरेडची, घर आता नागपुरात, मनीषनगरात. आमच्याकडे आजोबांपर्यंत हातमाग होता. बाबा बर्डीच्या बाजारात एका शेटच्या साडीच्या दुकानात आहेत. अन् मी, बाबांच्याच शब्दात सांगतो, "मोबाईलसमोर वेड्यासारखा बडबडते." म्हणजे काय, तं मी नकला करतो. शाळेत हेडमास्तरांची नक्कल त्यांच्याच मागं उभं राहून करत होतो. ते वळले की मीही वळायचो, म्हणून बरेच दिवस सापडलो नाही.

आता आमच्या इकडं मोहल्ल्या-मोहल्ल्याच्या टीमा आहेत. चार-चार पोट्टे, मोबाईलवरचा बंदुकीचा गेम, अन् त्याची लीग. ई-स्पोर्ट्स म्हणा, आई त्याले "ढिशँव ढिशँव" म्हणते. मनीषनगर, बेसा, काटोल, रामटेक अशा टीमा आहेत. त्यांचे सामने मी माझ्या चॅनलवर लाइव्ह दाखवतो अन् कॉमेंट्री नकलेत करतो. गोळीबार सुरू झाला की भाजीवाल्या मावशीच्या आवाजात, "घ्या बाप्पा घ्या, ताजी ताजी!" कोणी मेला की आमच्या पीटीच्या सरांच्या आवाजात, "उभा राय! कोनाले विचारून मेला?"

सामन्याच्या आधी मी चॅनलवर एक सवाल टाकतो. आज कोण जिंकणार, मनीषनगर का रामटेक? पाहणाऱ्यांनी आपापल्या बाजूवर पॉइंट लावायचे. पॉइंट फुकटचे. चॅनल जितका वेळ उघडं ठेवाल तितके आपोआप जमा होतात. त्यांचं नाव चॅनलवाल्याले ठेवता येते, मी "संत्रे" ठेवलं. एका बाजूले गर्दी झाली की तिकडचा भाव पडते, ओसाड बाजूचा भाव चढते. निकाल लागला की हरलेल्यांचे संत्रे जिंकलेल्यांमध्ये वाटल्या जातात. बाजारच आहे तो, फक्त माल नाही. या संत्र्यांचा रस निघत नाही, त्यानं चहा येत नाही. तरी पोट्टे असे भांडतात, जसं बापाचं वावर चाललं.

अन् यात एक नियम आहे. एका बाजूले कोणीच नसंल तं खेळ कोणाशी करायचा? मग मशीन ती फेरी आपोआप रद्द करते. सगळ्यांचे संत्रे परत, मामला खतम. साधा नियम आहे, कोणाले त्रास नाही.

फक्त एका माणसाले आहे, अन् तो माझ्या घराच्या बरोब्बर खाली राहते.

वामनराव गजभिये. काटोलच्या बस स्टँडवर कंट्रोलर होते. त्या काचेच्या केबिनमध्ये बसून "कोणती गाडी कुठं लागली" हे माइकवर सांगणारे. रिटायर होऊन मनीषनगरात आले. आम्ही इथं राहाले आलो तेव्हा ते एकटेच होते, काकू आधीच गेलेल्या. रोज पांढरा बुशकोट, खिशात दोन पेन, एक निळा, एक लाल. मी एकदा विचारलं, "काका, आता लाल पेन कायले?"

म्हणे, "लेट लिहाले."

"कोणाचं लेट?"

"सगळ्याईचं."

तं खरंच लिहितात. दूधवाला लेट, पेपरवाला लेट, नळाचं पाणी लेट. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शेरे. मी एकदा त्यांचा कचरा टाकून देतो म्हटलं अन् दुसऱ्या दिवशी टाकला, तं तिथं मीसुद्धा लाल झालो.

आमची पहिली भेट अशी की मी बेसा विरुद्ध मनीषनगरची कॉमेंट्री करून राहिलो होतो. खिडकी उघडी. जोशात आलो अन् बस स्टँडच्या आवाजात सुरू झालो, "काटोल, काटोल, काटोल! फलाट क्रमांक तीनवर मनीषनगरची टीम आली आहे होऽऽ!"

जिन्यावर पावलं वाजली. दारात बुशकोट.

"कोन बोललं थे?"

मी मनात म्हटलं, गेलो. आता हा माणूस म्हणते, माझी टिंगल केली, वर कानफाडात देते. आई सैपाकघरातून बाहेर आली. मी हात वर केला, "काका, गंमत..."

"गाडी येत नसते!" काका कडाडले. "गाडी लागते! 'फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे.' आली काय? पाव्हनी हाय का गाडी? अन् काटोल तीनदा कोन म्हनते? कंडक्टर म्हनते. कंट्रोलर एकदाच म्हनते. त्याले गिऱ्हाईक बोलवाचं नसते, सूचना द्याची असते. म्हन आता."

मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. पुन्हा म्हटलं. पुन्हा हलवली. इकडं बेसावाल्यांनी मनीषनगरचे चारही पोट्टे गारद केले, अन् माझ्या चॅनलवर सगळे "फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे" हेच ऐकून राहिले. मध्येच आईनं चहा आणला. काका चहा प्याले, कप ठेवला अन् म्हणाले, "नोंद घ्यावी." हे त्यांचं कायमचं पालुपद. कोणी कशाची नोंद घ्यायची, ते सांगत नाहीत.

चूक माझीच, की मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या मोबाईलवर माझं चॅनल लावून दिलं. नाव काय ठेवू विचारलं तं म्हणाले, "कंट्रोलर काटोल." मले वाटलं म्हातारा दोन दिवस पाहीन अन् झोपीन. पण हा माणूस सकाळपासून चॅनल उघडं ठेवाले लागला. संत्रे जमत गेले. इथवर ठीक होतं.

मग आला तो मनीषनगर विरुद्ध रामटेकचा सामना. आता रामटेकच्या टीमची पोरं गुणी आहेत, पण नेट गावचं अन् मोबाईल भावाचे. ते कधी जिंकले, असं कोणाले आठवत नव्हतं. मी सवाल टाकला, सगळ्यांनी मनीषनगरवर लावले. रामटेकच्या बाजूले सन्नाटा. वेळ संपली. मी आपला मजेत म्हटलं, "भावांनो, फेरी रद्द!"

जिन्यावर पावलं.

"कोनी रद्द केली?"

"मशीननं, काका. तिकडं कोणी नव्हतं."

"मशीनले कोन विचारते? 'रद्द' म्हनाले तुले काय लागते बे? तोंडच हलवा लागते! मी म्हटलं हाय रद्द. बंद असो, गाडी बिघडो, पूर येवो, सांगाचं कोनाले? मले. रद्द म्हटलं की अख्खा स्टँड मान वर करून केबिनकडे पाह्यते. मांडीवर लेकरू, डोक्यावर संत्र्याचं टोपलं, अन् नजर अशी, जशी ती गाडी म्याच खाल्ली अन् आता ढेकर देऊन राहिलो!"

"काका, हा गेम आहे. यात कोणाले कुठं जायचं नाही."

"एक पॅसिंजर असंल तरी गाडी सुटली पायजे. नोंद घ्यावी."

त्या दिवसापासून माझ्या चॅनलवर एकही फेरी रद्द झाली नाही. जिथं कोणी नाही तिथं कंट्रोलर काटोल. रामटेक हरणार हे शेंबड्या पोराले ठाऊक, काका रामटेकवर. काटोलचा मेन पोट्टा मामाच्या लग्नाले गेला, टीम तीन जणांत खेळणार, काका काटोलवर. एकदा मी मुद्दाम सवाल टाकला, "आज दुपारी नागपूरले ऊन पडेल का?" मे महिना होता. काकांनी सगळे संत्रे "नाही"वर लावले अन् दुपारभर खिडकीतून आभाळाकडे अशा रागानं पाहत बसले, जसं ऊनच लेट होणार होतं.

मजा पाहा, हरला की माणूस गप बसते. हे हरले की वर येतात.

"रामटेकवाल्या पोट्ट्याचं नेट अटकलं होतं. तू पूर्वसूचना काहून नाई दिली?"

"मले काय माहीत त्याचं नेट अटकणार म्हणून?"

"उशिराचं कारन सांगनं हे कंट्रोलरचं काम हाय."

"मी कंट्रोलर नाही, काका!"

"मंग माहा आवाज काहून काढतं?"



रामटेकचा कॅप्टन छोटू एक दिवस चालू सामन्यात माइकवर आला. रडकुंडीले आलेला. "निलूभाऊ, त्या काकाले सांगा ना, आमच्यावर लावू नका म्हणून. ते लावतात अन् आम्ही हरतो. पनवती झाली आमच्यावर. काका, हात जोडतो तुमच्यासमोर."

काकांनी मले फोन केला अन् म्हणाले, स्पीकरवर टाक. मी टाकला. अख्ख्या चॅनलनं ऐकलं.

"काय गा छोटू, तुह्यावर अजून कोनी लावले?"

"कोणीच नाही काका."

"तुह्या दोस्तानं?"

"नाही."

"तुह्या सख्ख्या भावानं? ज्याच्या मोबाईलवर खेळून राहिला त्यानं?"

"तो... तो मनीषनगरवर लावते काका."

"मंग म्या लावतो तं मलेच हात जोडतं? लाज नाई वाटत? भावाले जोड ना! मी उतरलो तं तुही गाडीच सुटत नाई, एवढं कळते का तुले?"

चॅटमध्ये सगळे हसून लोळले. रामटेक तोही सामना हरलं, हे सांगाले नकोच.

एक ॲपवाला होता. फोनवर गोड बोलायचा. म्हणे, "भाऊ, हे संत्रे-बिंत्रे सोडा, आमच्या ॲपवर खऱ्या पैशाचे सवाल टाका, सामन्यावर लोक पैसे लावतील, तुमचं चॅनल आम्ही चालवू." मले चॅनलची तेव्हा लय काळजी होती, त्याचं कारण पुढं सांगतो. मी "पाहू" म्हटलं. तो घरी आला. पण घरी येताना माणसाले काकांच्या दारावरून यावं लागते ना. काकांनी त्याले जिन्यातच थांबवलं, कुठून आला, काय काम, सगळी चौकशी केली. मी वरून ऐकून राहिलो होतो.

"तिकीट काढलं की मानूस गाडीत बसते," काका त्याले म्हणाले. "सट्टा लावला की गाडीखाली येते. म्या दोन्ही पाह्यलं हाय स्टँडवर. या तुम्ही."

तो वर आलाच नाही. मी खाली जाऊन भांडलो. माझं चॅनल, माझा पाहुणा, तुम्ही कोण? काका लाल पेन काढून कॅलेंडरवर काहीतरी लिहीत होते. वर न पाहता म्हणाले, "निल्या, संत्र्यानं कोनी उपाशी झोपत नाई." अन् झालं. त्यांच्याकडून विषय संपला. माझ्याकडून संपला नव्हता. मी तीन दिवस त्यांची नक्कल केली नाही, एवढा बहिष्कार टाकला.

आता एक सांगतो. थोडं खाजगी आहे.

दुपारी सराव-सामने असायचे तेव्हा माझं चॅनल ओस पडायचं. कोपऱ्यात आकडा दिसते, किती जण पाहून राहिले त्याचा. दुपारी तो आकडा घसरत घसरत दोनवर यायचा अन् तिथं थांबायचा. दोनच्या खाली कधी गेला नाही. एक कंट्रोलर काटोल. अन् दुसरं नाव, "शकू".

ही शकू चॅटमध्ये काही लिहीत नसे. एकही संत्रा लावत नसे. नुसती पाहायची. रोज. तिच्या नावावर संत्र्यांचा ढीग साचलेला. आता तुम्ही जवान आहात, दुपारची वेळ आहे, अन् एक मुलगी रोज काही न बोलता तुमचं चॅनल पाहते, तं तुम्ही काय कराल? मी केस विंचराले लागलो. नवीन शर्ट घालू लागलो. आई म्हणे, "गेममध्ये तं तुझं तोंडही दिसत नाही रे नीट, पावडर कायले?"

"निदान एक जण तं मन लावून ऐकते आई, तुझ्यासारखं नाही."

मी कॉमेंट्रीत मध्येच म्हणू लागलो, "शकूजी, नमस्कार. आज काही तरी बोला ना. हा पुढचा हल्ला खास तुमच्यासाठी."

लगेच चॅटमध्ये कंट्रोलर काटोल, "निवेदकाने प्रवाशांशी लगट करू नये. नोंद घ्यावी."

असा संताप आला! दोनच माणसं पाहून राहिले, त्यातलं एक विरोधी पक्षात, अन् ते दुसऱ्याशी बोलूही देत नाही. मी खिडकीतून ओरडलो, "काका, तुमच्या काहून पोटात दुखते?" खालची खिडकी बंद झाली, धाडकन.

चॅनलची काळजी काहून होती, ते सांगतो. आमच्या लीगचे सामने बाहेरच्या एका मोठ्या चॅनलनं दाखवाले सुरुवात केली. त्यांच्याकडं चकचकीत पाट्या, दोन-दोन कॉमेंटेटर, तेही एकमेकांकडं पाहून हसणारे. माझे पाहणारे तिकडं पळाले. आमच्याच मोहल्ल्याची टीम, आमचेच पोट्टे, अन् कॉमेंट्री अशा माणसाची की ज्याले बेसा कुठं आहे माहीत नाही! तो "बेस्सा" म्हणते. मी निषेध म्हणून त्याची नक्कल केली. ती पाहाले दोन जण होते.

बाबांनी जेवताना सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत काय ते कर. मग दुकानात ये. शेटशी बोललो मी." बाबा ओरडले असते तं बरं झालं असतं. ते भात कालवत बोलले.

दिवाळी झाली. लीगची फायनल आली, मनीषनगर विरुद्ध काटोल, रविवारी संध्याकाळी. मोठ्या चॅनलवर जत्रा. माझ्याकडं माझे चार दोस्त, कंट्रोलर काटोल अन् शकू. मले वाटलं, आता कायले ओढायचं? सामना सुरू व्हाले वेळ होता. मी माइकवर सांगून टाकलं की भावांनो, हा शेवटचा सामना, उद्यापासून मी साड्या विकीन. दोस्त म्हणाले, "अबे जा बे, फेकतो." मी म्हटलं, घ्या मग, सवालच टाकतो. टाकला.

"पुढच्या रविवारी हे चॅनल चालू राहील का? हो, का नाही?"

चारही दोस्तांनी धडाधड "नाही"वर लावले. दोस्तच ते. "हो"च्या बाजूले सन्नाटा.

मी निवांत होतो. मले माहीत होतं ना, तिकडं कोण येणार. मी त्यांच्याच आवाजात, एकदाच, नीट म्हटलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. 'हो'ची गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे."

कंट्रोलर काटोल हे नाव तिथं दिसून राहिलं होतं. माणूस हजर होता. वेळ सरत चालली. मी पुन्हा म्हटलं. काही नाही. मेच्या उन्हाविरुद्ध संत्रे लावणारा माणूस माझ्यावर लावत नव्हता! छोटूवर लावते, काटोलच्या तीन जणांवर लावते, अन् माझ्यावर नाही? वेळ संपली. मशीननं आपलं काम केलं. मी कोरड्या तोंडानं म्हटलं, "फेरी रद्द." अन् माइक तसाच टाकून खाली गेलो. या वेळी जिन्यावर माझी पावलं वाजली.

दार उघडंच होतं. काका खुर्चीत, हातात मोबाईल. मी भांडाले आत शिरलो.

त्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची होती. तिच्यावर धुतलेली, घडी केलेली शाल. शालीवर पितळी डबा, अन् डब्याले टेकवून उभा केलेला एक जुना मोबाईल, कोपरा फुटलेला, चार्जर लावलेला. त्यात माझं चॅनल चालू. नेट मागं होतं, म्हणून त्या मोबाईलमध्ये मी अजून वरच बसलेलो होतो, केस विंचरलेला, अन् कोरड्या तोंडानं म्हणत होतो, "फेरी रद्द." वर कोपऱ्यात नाव, शकू. अन् त्याच्या वर भिंतीवर, फोटोत, काकू.

माझा हात आधी केसांवर गेला. मग तो कुठं ठेवावा मले समजेना.

"काय पाह्यतं?" काका म्हणाले. "शकुंतला नाव होतं. शकू मी म्हनो. तू नको म्हनू. 'जी' लावून तं बिल्कुल नको म्हनू."

"काका, मले काय माहीत..."

"नोंद घ्यावी."

मी त्या खुर्चीकडं पाहू शकत नव्हतो, म्हणून भांडलो. "ते जाऊ द्या. तुम्ही लावले काहून नाही? एक पॅसिंजर असंल तरी गाडी सुटली पाहिजे म्हणता ना? मग?"

"लावले असते तं फेरी झाली असती," काका म्हणाले. एवढ्या हळू आवाजात ते कधी बोलत नाहीत. "फेरी झाली असती तं तुले निकाल द्या लागला असता. तू रागात 'नाई' दिला असता, अन् मंग तेच खरं करून बसला असता. म्या ओळखतो तुले. आता फेरीच रद्द. सवालच नाई. जो सवालच नाई, त्याचं उत्तर तू कायले देऊन राहिला?"

"पण तुम्हाले तं रद्द..."

"सरकारी गाड्या रद्द केल्या त्या दुसऱ्याच्या हुकमानं. ही माह्या मर्जीनं केली."

मी खाली चटईवर बसलो. विचारलं, "काकूंले गेम आवडायचे?"

"तिले साधा लुडो येत नसे." काकांनी शालीचं एक टोक सरळ केलं. "संध्याकाळच्या शेवटच्या गाडीले स्टँडवर कुत्रं नसे. तरी घोषना करा लागे, नियम हाय. रिकाम्या स्टँडवर बोलाचं म्हनजे काय असते, तुले आता समजून राहिलं असंल. आपलाच आवाज भिंतीले लागून वापस येते. एक दिवस खिडकीतून पाह्यलं तं बाकावर एक बाई बसलेली. मांडीवर हाच डबा. माहीच बायको. म्या घोषना केली तं पदर सावरून असं ऐकून राहिली, जशी त्याच गाडीनं जानार हाय. मंग रोजच येऊन बसे."

"कुठं जायचं असे त्यायले?"

"कुठीच नाई बे. घर स्टँडच्या मागंच होतं."

डब्याले टेकलेल्या मोबाईलमध्ये आता माझी रिकामी खुर्ची दिसून राहिली होती.

काका एकदम खेकसले, "आता इथं काहून बसला? फायनल लागलेली हाय ना वर? लेट झाली तं लाल पेनानं लिहीन!"

मी पळालो.

आता मी दुकानात बसतो. साडी अंगावर टाकून दाखवतो, गिऱ्हाईक बायांच्या नकला करतो, त्या हसून एकाच्या जागी दोन साड्या नेतात अन् शेट मले शिव्या देऊ की चहा देऊ या विचारात पडतात. पण रविवारी दुकान बंद असते. बाबांनी विचारलं, रविवारी काय करशील. मी म्हटलं, बडबडीन. ते भात कालवत राहिले.

फायनलनंतरच्या त्या रविवारी मी दुपारी चॅनल उघडलं. लीग संपलेली, नुसता सराव-सामना, मनीषनगर विरुद्ध रामटेक. दोस्त झोपलेले. आकडा दोन. मी केस विंचरले नव्हते. सवाल टाकला, कोण जिंकणार?

कंट्रोलर काटोल लगेच रामटेकवर. सगळे संत्रे.

मनीषनगरची बाजू रिकामी. आजपर्यंत कधी असं झालं नव्हतं. काका रिकामी बाजू भरायचे, पण त्यासाठी दुसऱ्या बाजूले कोणी तरी असावं लागते ना. वेळ सरून राहिली. नियम तो नियम. मी "रद्द" म्हणाले तोंड उघडलं.

अन् शकूनं संत्रे लावले. जिनं कधी एक लावला नव्हता, तिनं सगळा ढीग मनीषनगरवर ओतला.

चॅटमध्ये कंट्रोलर काटोल, "हिचं माह्याशी पयलेपासूनच पटत नाई. नोंद घ्यावी."

मी घेतली. घसा साफ केला अन् एकदाच म्हटलं, "गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे. प्रवाशांनी आपापल्या जागेवर बसून घ्यावे."

रामटेक हरलं. छोटूचं नेट अटकलं होतं. मी निकाल दिला अन् काकांचे सगळेच्या सगळे संत्रे पलीकडच्या नावावर गेले. आता पावलं वाजतील म्हणून मी जिन्याकडं पाहत राहिलो. पूर्वसूचना काहून नाही दिली, म्हणून येणारच.

पावलं वाजली नाहीत. खालची खिडकी उघडी होती. तिच्यातून काकांचा आवाज आला, पण मले नव्हता.

"घे वं," ते म्हणत होते. "घे. सगळे तुलेच."